शीळ थांबली की

रविवार, २ जून

आज उपासनेला तरुण म्हणावं असं एकच डोकं होतं, आणि ते माझ्या नातीचं. तेही मोबाइलमध्ये खुपसलेलं. बाकी सगळी टकलं आणि पांढऱ्या वेण्या. मी मागे आवाजाच्या मिक्सरजवळ बसतो, त्यामुळे माणसांच्या फक्त पाठी दिसतात, आणि पाठींवरून वय लपत नाही.

उपासनेनंतर पंचांची बैठक झाली, म्हणजे आम्ही चार-पाच म्हातारे आणि चहा. अध्यक्ष म्हणाले, पोरं येत नाहीत, काय करायचं? पाळकसाहेबांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "बोलणं माझं काम, ऐकू जाणं ह्या भोंग्याचं. पोरांना ऐकू जात नाही, म्हणजे चूक ह्याची." सगळे हसले. मीही हसलो.

चाळीस वर्षं झाली, ते मला भोंग्याच म्हणतात. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी दुसऱ्याचे कर्णे सायकलला बांधून सभांना पोचवायचो. आता साउंडचं स्वतःचं दुकान आहे, गाड्या आहेत, हाताखाली माणसं आहेत, पण त्यांच्या लेखी मी भोंग्याच. एक मात्र ते चारचौघांत आवर्जून सांगतात, "ह्याचा सेट माणसांसमोर कधी बंद पडला नाही." हे खरं आहे. माझ्या थडग्यावर एवढंच लिहिलं तरी चालेल.

घरी येताना ठकी म्हणाली (नातीचं हे लाडाचं नाव, आता सोळा वर्षांची झाली तरी सुटलेलं नाही), "आबा, पाऊण तास कोण ऐकणार? एकेका मिनिटाचे तुकडे करून टाका. पोरं तेवढंच बघतात."

"उपदेश म्हणजे काय कलिंगड आहे, फोडी करायला?"

"फोड खाल्ल्याशिवाय गोड आहे का ते कसं कळणार?"

आजीवर गेली आहे.

शनिवार, ८ जून

दुकान उघडायच्या आधी ठकीने कॉम्प्युटरवर शिकवणी घेतली. उपदेशाचं रेकॉर्डिंग मिक्सरमधून घ्यायचं, चित्र मोबाइलमधून, दोन्ही जुळवायचं, मग कापायचं. नियम एकच. पहिल्या दोन-तीन सेकंदांत पकडलं नाही तर अंगठा वर जातो.

"अंगठा वर म्हणजे शाबासकी ना?"

"आता वर म्हणजे पुढे चला, आबा. हाकलून दिलं."

आमचा अंगठा वेगळा. दर रविवारी साहेब व्यासपीठावर चढले की आधी माझ्याकडे बघतात. मी अंगठा वर करतो. म्हणजे आवाज येतोय, बोला. त्याशिवाय ते तोंड उघडत नाहीत.

मधल्या रिकाम्या जागा आपोआप काढून टाकणारं एक बटणही ठकीने दाखवलं. दाबून पाहिलं. साहेब असे बोलायला लागले की जणू मागे कुत्रं लागलंय. मी ते बटण बाजूला ठेवलं. यंत्राला श्वास आणि शांतता यातला फरक कळत नाही. मला कळतो. मी कानाने कापणार.

रविवार, १६ जून

पहिली फोड काढली. साहेबांची धुक्याची गोष्ट.

ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल देव जाणे. साहेब लहान होते, वडिलांबरोबर डोंगरावरून उतरत होते. दाट धुकं, स्वतःचा हात दिसेना. वडील पुढे शीळ घालत चालायचे, हे मागून शिळेवर पाऊल टाकायचे. वडिलांनी आधीच बजावलं होतं, की शीळ थांबली तर घाबरायचं नाही आणि जागचं हलायचं नाही. शीळ थांबली म्हणजे मी तुला घ्यायला मागे वळलोय. साहेबांचं म्हणणं, देवाचंही तसंच आहे.

"आणि शीळ थांबली," असं म्हणून साहेब तिथे स्वतः थांबतात. पूर्वी ते थांबले की अख्खं चर्च श्वास धरायचं, लोक खोकला दाबायचे. मी सभा-संमेलनं, नाटकं, पुढाऱ्यांची भाषणं, सगळं ऐकलंय, पण इतकी भरलेली शांतता दुसऱ्या कोणाला जमलेली ऐकली नाही.

या खेपेला मात्र ती जरा जास्तच लांबली, आणि नंतर साहेबांनी दोन वाक्यं मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. वय झालं, दम लागतो. मी शांतता काढली, दुहेरी वाक्य काढलं, श्वासाला श्वास जोडला. सांधा कुठे आहे ते मलाच सापडत नाही.

ठकी म्हणाली, "थांबणं अख्खं काढलंत?"

"तूच म्हणालीस ना, अंगठा वर जातो."

शुक्रवार, २१ जून

धुक्याची फोड चाललीय, त्यानंतर रोज एक नवी टाकतोय. ठकी सारखे आकडे सांगते, मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं, की काल दुकानात एक लांबच लांब मुलगा आला, दारात डोकं आपटलं, आणि "ते शीळवाले आजोबा कुठल्या चर्चमध्ये असतात?" असं विचारायला लागला. ठकी त्याला आधीपासून ओळखते. शाळेत त्याला टॉवर म्हणतात. त्याचे वडील घर सोडून गेलेत, असं ती नंतर हळूच म्हणाली. रविवारी येतो म्हणाला.

दुसरी आनंदाची बातमी. साहेबांच्या लेकीचा निरोप आला. ती लांब असते, समुद्रापलीकडे, आणि पुढच्या महिन्यात येणार होती. लिहिते, "काका, आई सारखी ये, ये म्हणत होती, बाबांकडे एकदा बघून जा म्हणत होती, म्हणून मी घाबरले होते. पण तुमचे व्हिडिओ पाहिले. बाबा तर पूर्वीपेक्षाही छान बोलतायत! इथे सुट्टीची फार ओढाताण आहे, म्हणून आता पुढच्या वर्षी निवांत येते." मी निरोप घरी हिला दोनदा वाचून दाखवला. ही म्हणाली, "मान ताठ करून झाली असेल तर जेवा."

संध्याकाळी पाळकीणबाईंना सांगायला गेलो. मी त्यांना वहिनी म्हणतो. त्या दारातल्या पायरीवर खाली बसल्या. म्हटलं, आईच ती, वाईट वाटणारच.

"रोज व्हिडिओ बघते ना ती, वहिनी. म्हणजे घरातच असल्यासारखी आहे."

त्या म्हणाल्या, "भावजी, तिला न कापलेलं पाठवता येत नाही का?"

मी हसलो. "पाऊण तास कोण बघणार, वहिनी? तिला कामधाम आहे."

रविवार, ३० जून

आज ऐतिहासिक दिवस. उपासनेआधी साहेब मिक्सरजवळ आले आणि म्हणाले, "अहो, माइकचं जरा बघता का?"

अहो! चाळीस वर्षांनी का होईना, भोंग्याची इज्जत वाढली. मुलांमध्ये नाव झालं, व्हिडिओखाली आपल्या दुकानाचं नाव येतं, त्याचा हा परिणाम. घरी येऊन हिला सांगितलं, "आता जगात मला अहो म्हणणारे दोघं झाले."

ही म्हणाली, "माझ्या अहोला तरी तुम्ही कुठे ओ देता."

साहेब आता कागदावरून वाचतात. पूर्वी कधी कागद नसायचा. बरं झालं, फापटपसारा कमी होतो. फक्त कागदाची खसखस माइकवर येते, ती काढावी लागते. टॉवर आला होता. शेवटच्या बाकावर बसला, तरी मान सगळ्यांच्या वर.

रविवार, १४ जुलै

एक अडचण झाली आहे. गेले काही रविवार रेकॉर्डिंगमध्ये फुसफुस येते. वायर बदलली, माइक बदलला, तरी जाईना. आज हेडफोन लावून नीट ऐकलं तर माणसाची निघाली. पाळकीणबाई! आयुष्यभर मागच्या दाराशी बसणाऱ्या बाई हल्ली पहिल्या बाकावर येऊन बसतात, आणि साहेब बोलत असताना ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतात. प्रार्थना करत असतील. पण माझा माइक कुजबुजही सोडत नाही, दाम मोजून घेतलाय.

उपासना संपल्यावर गोड शब्दांत सांगितलं. "वहिनी, रागावू नका, तुमचं पुटपुटणं व्हिडिओत येतं. जरा मागे बसलात तर आवाज स्वच्छ मिळेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाल्या, "बरं."

बाई समजूतदार. उगाच दडपण घेतलं होतं मी.

गुरुवार, १८ जुलै

टॉवर आणि ठकी दुकानात बसून बिस्किटं संपवत होते. टॉवर म्हणाला, "आबा, एक विचारू? मोबाइलमध्ये आजोबा धडाधड बोलतात. इथे प्रत्यक्षात ते… म्हणजे नेट गेल्यावर मधेच गोल गोल फिरतं ना, तसं होतं."

मी त्याला झापला. थोरामोठ्यांबद्दल असं बोलतात का? तो बिचारा ओशाळला. "चेष्टा नाही हो. मला ते आवडतात म्हणून विचारलं."

तो गेल्यावर ठकी म्हणाली, "आबा, पाळक आजोबा थांबतात तेव्हा कुठे बघतात, तुम्ही पाहिलंय?"

"माझं काम ऐकायचं. मी मिक्सरच्या दिव्यांवर नजर ठेवतो, हिरव्याचे लाल होऊ नयेत म्हणून."

"एकदा बघा," म्हणाली आणि सायकल काढून गेली.

रविवार, २१ जुलै

आवाज स्वच्छ आला. वहिनी शेवटच्या बाकावर होत्या.

उपदेश मात्र आज बसला नाही. साहेबांच्या कागदांची पानं उलटसुलट झाली असावीत. एकच पान दोनदा वाचलं. मध्येच थांबले, ते किती वेळ थांबले ते लिहीत नाही. अध्यक्षांनी घसा खाकरला. मग साहेबांनी एकदम आशीर्वाद देऊन टाकला, उपासना संपायला गीत बाकी असताना.

अख्ख्या पाऊण तासातून एक मिनिट निघता निघेना. इथला कर्ता, तिथलं क्रियापद, असं गोधडीसारखं जोडत गेलो. शेवटी जमलं. ठकीने पाहिलं आणि नेहमीसारखं "भारी" म्हणाली नाही.

कापता कापता मनात काहीतरी आलं होतं. ते झटकून टाकलं. माणूस दमतो. मीही दमतो.

मंगळवार, ३० जुलै

व्हिडिओ बघणारी मुलं मागे लागली आहेत, एकदा थेट दाखवा. धुक्याची गोष्ट, सगळ्यांनी एकाच वेळी बघायची. अध्यक्ष तर नाचायला लागले. वरच्या कार्यालयातूनही कौतुकाचा फोन आला म्हणे.

साहेबांना विचारलं. "अहो, तुम्ही म्हणाल तसं," म्हणाले आणि हसले. ते आता पटकन हो म्हणतात.

वहिनींनी मात्र विरोध केला. दारातच अडवलं मला. "थेट नको, भावजी."

"का हो?"

"त्यात काही चुकलं तर?"

"माझा सेट आहे, वहिनी. चाळीस वर्षांत चुकलाय कधी?"

"सेटचं नाही म्हणत मी."

"मग?"

त्यांनी आत वळून पाहिलं. साहेब खिडकीशी बसून चष्मा पुसत होते, पुसून झालेलाच पुन्हा पुसत होते. वहिनी म्हणाल्या, "काही नाही. घ्या तुम्ही."

जुन्या माणसांना कॅमेऱ्याचं भय असतं. आमचीही फोटो काढताना श्वास रोखून धरते.

रविवार, ४ ऑगस्ट

आजचं आजच लिहायला हवं.

चर्च भरलं होतं. टॉवरने मुलं आणली होती, उभं राहायला जागा नव्हती. ठकी माझ्या शेजारी मोबाइल धरून, त्यावर बघणाऱ्यांचे शब्द भराभर वर सरकत होते. साहेब व्यासपीठावर चढले, माझ्याकडे पाहिलं, मी अंगठा वर केला.

सुरुवात चांगली झाली. डोंगर आला, धुकं आलं, वडील आले. "आणि शीळ थांबली," म्हणाले आणि थांबले.

मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, हीच ती आपली जुनी शांतता. मी डोळे मिटून घेतले. एकही पोर हललं नाही. आत्ता कापायला कोणी नव्हतं, आणि ती शांतता जशीच्या तशी सगळ्या मोबाइलांत चालली होती.

मग ती लांबली.

शांततेला पोत असतो, हे माझ्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. पूर्वीची भरलेली असायची. हिच्यात श्वास वरवर चालला होता, जीभ टाळूला लागून सुटत होती, पुन्हा लागत होती. माइक चांगला आहे, सगळं ऐकू येत होतं. ठकीच्या मोबाइलवर लोक लिहायला लागले, आवाज गेला का? माझंच नेट अडकलंय की सगळ्यांचं?

ठकीने माझा दंड धरला. "आबा, ऐकू नका. बघा."

मी डोळे उघडले आणि पाहिलं. साहेब पहिल्या बाकाकडे बघत होते. बाकाच्या एका कोपऱ्याकडे, जिथे वहिनी बसायच्या. तिथे आज अध्यक्षांच्या घरचे पाहुणे बसले होते. साहेबांची नजर त्यांच्यावरून फिरली, परत त्याच कोपऱ्यावर आली, परत फिरली. मागच्या दाराशी वहिनी उभ्या राहिल्या होत्या. मधे एवढी माणसं.

मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी हळू म्हणाले, "अहो… आवाज गेला का?"

आवाज गेला नव्हता. हिरवे दिवे नीट लागले होते. मी नुसता अंगठा वर करायचा होता.

मी वायर उपटली. मिक्सरचीच. कर्ण्यांतून थाडकन आवाज आला आणि सगळं बंद. मी उभा राहून ओरडलो, "माफ करा! सेट बंद पडला! चूक माझी, सगळी माझी!"

लोक वळले. अध्यक्ष लाल झाले. साहेबांच्या चेहऱ्यावर मात्र असं हसू फुटलं की काय सांगू. जणू कोणीतरी त्यांच्या डोक्यावरचं ओझं काढून घेतलं. "भोंग्या!" ते खणखणीत म्हणाले, माइक नसताना मागच्या भिंतीपर्यंत. "शेवटी पडला का रे बंद!"

सगळे हसले. पोरंही हसली. मी वायर हातात धरून उभा होतो.

सोमवार, ५ ऑगस्ट

लेकीचा फोन आला. दुकानात गिऱ्हाईक होतं, मी बाहेर जाऊन घेतला.

"काका, सेट बंद पडला?"

"यंत्र आहे, पोरी. पडतो कधी कधी."

"तुमचा नाही पडत." तिचा आवाज बदलला. "लहानपणापासून ऐकतेय मी. बाबा देवाच्या खालोखाल तुमच्या सेटची खात्री द्यायचे. काका, न कापलेलं आहे का तुमच्याकडे?"

आहे म्हणालो.

"पाठवा. सगळं."

पाठवायच्या आधी मी स्वतः ऐकायला बसलो. जूनपासून. कापताना मी सुरीसारखा ऐकत होतो, कुठून कुठे छाटायचं एवढंच. आज नुसतं ऐकलं. प्रत्येक रविवारी मोकळ्या जागा वाढत गेलेल्या. आणि त्या मोकळ्या जागांत, जुलैच्या मध्यापर्यंत, ती फुसफुस. आवाज वाढवला. "वडील," असं येतं. मग साहेब म्हणतात, "वडील." मग परत थोडं थांबून, "धुकं." साहेब म्हणतात, "धुकं दाट होतं."

घास भरवावा तशी ती बाई त्यांना एकेक शब्द देत होती. मी त्यांना मागे बसवलं.

बुधवार, ७ ऑगस्ट

वहिनींकडे गेलो. साहेब आत झोपले होते. मी म्हटलं, "तुम्ही मला नुसतं सुचवायचं तरी होतं."

"शपथ घातली होती त्यांनी. कोणाला कळता कामा नये, व्यासपीठावरून मी माझ्या पायांनी उतरेन म्हणाले. मग ती शपथ घातलीय हेच विसरले. मला मात्र पाळावी लागली." त्या पदराने टेबल पुसत होत्या. "आणि तुम्ही इतकं छान जोडत होतात, भावजी. मीसुद्धा बघायचे. इकडे खुर्चीत हे बसलेले, तिकडे मोबाइलमध्ये ते. मला मोबाइलमधले बरे वाटायचे."

त्यांनी चहा टाकला.

गुरुवार, २२ ऑगस्ट

साहेबांना डॉक्टरांकडे नेऊन आणलं. गाडी मीच चालवली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि औषध सांगितलं नाही, म्हणजे सांगितलं एक, पण त्याने काही व्हायचं नाही हेही त्यांनीच सांगितलं. सुरुवात कधी झाली, असं विचारत होते. तेव्हाच आणलं असतं तर काही फरक पडला असता का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "घरच्यांना थोडी तयारी करता आली असती. त्यांच्याशी बोलून घेता आलं असतं."

साहेब गाडीत खूश होते. खिडकीतून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. वाचता येतं अजून.

व्यासपीठावर आता बाहेरून कोणीतरी येतं. तरुण आहे, चांगला बोलतो, एकदाही थांबत नाही. मला कापायला काही नाही. मी कापतही नाही. अध्यक्ष म्हणतात चॅनेल चालू ठेवा. म्हटलं, दुसरा माणूस बघा.

रविवार, १ सप्टेंबर

लेक आली. मिळेल ती सुट्टी घेऊन, बिनपगारी. मी तिला आणायला गेलो होतो. वाटेत ती बडबडत होती, बाबांसाठी काय काय आणलंय, आधी कुठली आठवण काढायची, कसं बोलायचं. सगळं वाचून आली होती.

दारात वहिनी. आत साहेब खुर्चीवर, इस्त्रीचा सदरा घातलेला. तिला बघून ते उठून उभे राहिले, हात जोडले. "या, या. अहो, बसा ना. उभ्या का?"

ती हसली. "बाबा, मला अहो? आता मी खरंच मोठी झाले म्हणायची!" आणि माझ्याकडे वळली, मीही हसावं म्हणून.

मी हसलो नाही. मला ते अहो ओळखीचं होतं. माझी इज्जत वाढली म्हणून मी ते घरी जाऊन सांगितलं होतं.

"पाणी आणा ह्यांच्यासाठी," साहेब वहिनींना म्हणाले. "लांबून आल्यात." लेकीचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. मग ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. ते गोंधळले. पण पाळक माणूस. रडणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायचा असतो, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. त्यांनी ठेवला.

मी बाहेर येऊन गाडीत बसलो. तिचं सामान तसंच डिकीत होतं, ते उतरवायचं राहिलं, म्हणून परत आत जावं लागलं.

सोमवार, ९ सप्टेंबर

ही म्हणाली, "सारखं मी मी करू नका. तुम्ही नसता कापलं तरी त्यांचं जायचं ते गेलंच असतं."

"पण ती जुलैत आली असती."

यावर ही काही बोलली नाही. ही काही बोलत नाही तेव्हा मी बरोबर असतो. पहिल्यांदाच वाटलं, चुकलो असतो तर बरं.

रविवार, १५ सप्टेंबर

पोरांचं डोकं कसं चालतं मला कळत नाही. मला वाटलं होतं चॅनेल बंद झालं, संपलं. तर ठकी, टॉवर आणि त्याचे दोन मित्र आता दर रविवारी दुपारी साहेबांच्या घरी जाऊन बसतात. कोणी सांगितलेलं नाही. आज मलाही घेऊन गेले. ठकीने मोबाइल पिशवीतून काढलाच नाही. टॉवर म्हणाला, त्याने ती सगळी न कापलेली रेकॉर्डिंग ठकीकडून घेऊन ऐकली. "पूर्ण?" "पूर्ण. मधे झोप लागली एकदा. परत मागे जाऊन ऐकलं."

लेकीची सुट्टी परवा संपते. ती खिडकीशी बसली होती. वहिनी साहेबांच्या अगदी जवळ, स्टूलवर.

टॉवरने विचारलं, "आजोबा, धुक्याची गोष्ट सांगता?"

साहेबांनी सुरू केली. डोंगराशीच अडखळले. टॉवरने लगेच पुढचं वाक्य म्हणून टाकलं, तोंडपाठ, माझ्या व्हिडिओच्या वेगाने, मी जोडलेल्या सांध्यासकट. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू हातातली वस्तू कोणी हिसकावून घेतलीय. ठकीने त्याला कोपर मारलं. टॉवर गप्प झाला आणि मान खाली घालून बसला. कधी शब्द द्यायचा आणि कधी नाही, हे फक्त वहिनींना कळतं, आणि त्यांचंही हल्ली चुकतं.

बराच वेळ गेला. वहिनी हळूच म्हणाल्या, "वडील." मला ते स्वच्छ ऐकू आलं.

"वडील," साहेब म्हणाले. "वडील पुढे होते." मग त्यांनी एकदम मान वर करून खोलीत कोणाला तरी शोधलं. नजर माझ्यावर थांबली. "अहो, आवाज येतोय ना?"

खोलीत ना माइक, ना वायर. मी अंगठा वर केला.

त्यांनी मान डोलावली. धुकं सांगितलं, तेही दोनदा. मग म्हणाले, "आणि शीळ थांबली."

आणि थांबले.

कोणती शांतता होती ती, जुनी की नवी, ते मला सांगता येणार नाही. मी कान देऊन ऐकत होतो. घड्याळ चाललं होतं. लेकीने नाक ओढलं. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली. मागे वळून कोणी येत होतं का, याचा माझ्या कानांना पत्ता लागला नाही.

पण आम्ही कोणीच जागचे हललो नाही.